गालाआडची खोली

मी एक जुनी खोली आहे, मित्रांनो. वय वर्षं पंचावन्न. माझ्या भिंती हाडाच्या आहेत, त्यांना आतून ओलसर, गुलाबी अस्तर आहे, आणि मला एकच दार आहे, तेही छताजवळ. असं घर बांधायला सांगितलं तर कुठलाही गवंडी कपाळाला हात लावेल. पण मला गवंड्याने बांधलेलंच नाही. मी एका बाईच्या डाव्या गालात आहे. वर डोळा, शेजारी नाक आणि खाली वरच्या दाढा, असा माझा पत्ता. डॉक्टर मला सायनस म्हणतात. काही जण नुसतंच 'पोकळी' म्हणतात, ते मला आवडत नाही. खोली रिकामी असली तरी ती खोलीच असते.

माझ्याकडे कायम अंधार असतो. ऐकू मात्र सगळं येतं. माणसाचं बोलणं, हसणं, खाणं, सगळं हाडांतून माझ्यापर्यंत पोचतं. म्हणून मी जे सांगणार आहे ते बहुतेक ऐकलेलं आहे. डोळ्यांनी पाहावं तसं मी आयुष्यात एकदाच पाहिलं. ते कसं, ते पुढे येईलच.

माझी मालकीण जन्मली तेव्हा मी जेमतेम वाटाण्याएवढी होते. तिच्या त्या इवल्याशा चेहऱ्यात मला जागा तरी कुठून मिळणार? दातांचे कोंब हाडात दाटीवाटीने बसले होते. त्यातला एकेक खाली उतरायचा, हिरडी फोडून तोंडात जायचा आणि त्याची सुटलेली जागा मला मिळायची. घरात दात आल्याचं कौतुक चालायचं आणि इकडे मी गुपचूप वाढायचे. शेवटची अक्कलदाढ आली तेव्हा कुठे माझं बांधकाम पुरं झालं. इतकं हळू, इतकं बिनबोभाट आणि इतकं बेतशीर काम कोण करतं, ते मला आजही कळलेलं नाही. त्याचा विचार करू लागले की माझी मतीच गुंग होते.

माझी जमीन सपाट नव्हती. तिला चार-पाच उंचवटे होते. त्यांच्याखाली दाढांची मुळं होती आणि त्यांच्या-माझ्यामध्ये हाडाचा पापुद्रा, अंड्याच्या टरफलाएवढा. दाढा म्हणजे माझे खालच्या मजल्यावरचे शेजारी. मालकीण जेवायला बसली की त्यांची धडधड सुरू व्हायची आणि माझी जमीन हलायची. मला तो आवाज फार आवडायचा. घरात माणसं असल्यासारखं वाटायचं.

शिवाय माझ्या जमिनीतून एक अर्धी भिंत उभी राहिली होती. पातळ, धारदार, कमरेएवढी म्हणा ना. तिच्यामुळे माझ्या तळाचे दोन भाग झाले होते, एक पुढचा खण आणि एक मागचा खण. मला वाटायचं, सगळ्याच खोल्यांना अशी भिंत असते. तसं नसतं. उजव्या गालात माझी जुळी बहीण आहे, तिलाही नाही. आम्ही दोघी कधी भेटलो नाही, मध्ये अख्खं नाक आहे. पण बहीण आहे एवढं मला ठाऊक आहे.

आणि ते छताजवळचं दार. त्यातून नाकातली हवा आत येते. पण मग केर कसा काढायचा? अस्तरावर रोज चिकट ओल येते, तीत धूळ अडकते, आणि ती जमिनीवर साचून राहिली तर खोली नासते. मित्रांनो, माझ्या अस्तरावर लाखो बारीक केसांसारखे झाडू आहेत. ते सगळे मिळून एकाच दिशेने हलतात आणि सगळा केर भिंतीवरून वर, दाराकडे ढकलत नेतात. खालून वर झाडणारी खोली तुम्ही कुठे पाहिली आहे? एक क्षणही सुट्टी नाही, आणि मालकिणीला त्याचा पत्ता नाही. तिला वाटायचं, आपण नुसता श्वास घेतो.

मालकिणीचे वडील काचेचे कारागीर होते. प्रयोगशाळांना लागणारी भांडी ते बनवायचे: लांब मानेचे फ्लास्क, वेटोळ्या नळ्या, एकाच्या पोटात दुसरं असलेली भांडी. घरामागेच लांबट कारखाना होता. बर्नरची सूं सूं, लेथवर फिरणाऱ्या काचेची एकसुरी खरखर, आणि कोपऱ्यातल्या भट्टीची ऊब, जिच्यात झालेली भांडी हळूहळू निववतात. मी हे सगळं ऐकून आणि हवेच्या वासावरून शिकले. त्या खोलीतली हवा कोरडी असायची, तापलेली. झाडूंना तिथे दुप्पट काम पडायचं.

पोरीने आठव्या वर्षी बापाच्या मांडीवर बसून पहिला फुगा फुंकला. "फुंकणी आहे आमची," वडील म्हणाले, आणि ते नाव तिला कायमचं चिकटलं. फुंकायची रीत अशी, की लेथवर काच फिरते आहे, दोन्ही हात ज्योतीपाशी गुंतलेले आहेत, आणि काचेच्या टोकाला जोडलेली रबरी नळी तोंडात. नळीच्या टोकाची तोटी दाढांत घट्ट धरायची आणि बेतानं हवा सोडायची. मालकीण ती तोटी नेहमी डावीकडे धरायची. माझ्या शेजाऱ्यांच्या पकडीत, माझ्या जमिनीच्या बरोबर खाली. फुंकताना टाळूचा पडदा वर जाऊन नाकाची वाट बंद करतो, त्यामुळे तो वारा माझ्याकडे येत नसे. पण त्याचा थरार यायचा. काच मऊ झाली की थरार वेगळा, थंड होऊ लागली की वेगळा. डोळे मिटूनही भिंत किती जाड झाली ते तिला श्वासावर कळायचं. आणि तिच्याबरोबर मलाही.

वडिलांचा एक नियम होता. भांडं झालं की एक टोक बुचाने बंद करायचं, दुसऱ्या टोकातून हवा द्यायची, भांडं पाण्याच्या बादलीत बुडवायचं आणि बुडबुडा येतो का बघायचं. पण ज्याने भांडं घडवलं त्याने हे करायचं नाही. दुसऱ्याने करायचं. "आपल्या कामाला आपण जपून फुंकतो," वडील म्हणायचे. "किंवा राग असला तर जोरात. दोन्ही खोटं." पुढे वडील गेले, तेव्हा मालकीण आणि तिचा धाकटा भाऊ एकमेकांची भांडी तपासू लागले. बादली तीच राहिली.

आता माझ्या चुकीकडे येते.

चाळिशी जवळ आल्यावर मालकिणीच्या डावीकडच्या पहिल्या दाढेला तडा गेला. वर्षानुवर्षं तोटी चावून चावून गेला. तिने दुर्लक्ष केलं. गरम पाण्याच्या गुळण्या केल्या, उजवीकडून जेवली, आणि तोटी मात्र त्याच दाढेत धरत राहिली. मग मुळापाशी पू झाला आणि तो टरफलाएवढा पापुद्रा ओलांडून माझ्या जमिनीवर आला. झाडूंच्या नाकी नऊ आले. मालकिणीला वाटलं, सर्दी आहे. चार महिने ती सर्दीच्या गोळ्या घेत होती. शेवटी गाल सुजला तेव्हा कुठे दातांच्या दवाखान्यात गेली. तोवर शेजारची दाढही खिळखिळी झाली होती. दोन्ही काढाव्या लागल्या.

खालचा मजला रिकामा झाला. धडधड थांबली. आणि खरं सांगू का मित्रांनो, मला आधी वाईट वाटलं आणि मग मी पसरले. दाढा होत्या तोवर त्यांच्या भोवतालच्या हाडाला काम होतं. काम गेलं तसं ते हाड विरघळू लागलं. खालून हिरडीच्या बाजूने झिजलं आणि वरून माझी जमीन खचत गेली. मला ऐसपैस वाटायचं. आपण मोठ्या झालो म्हणून मी मनातल्या मनात फुशारकी मारायचे. मी मोठी होत होते ते तिचं हाड खाऊन, हे मला पंधरा वर्षं सुचलंच नाही.

या पंधरा वर्षांत मालकीण तोटी पुढच्या दातांत धरायला शिकली. जमत होतं, पण मोठ्या कामाला ती पकड पुरत नव्हती. काढता-घालता येणारी कवळीही तिने करून पाहिली. नळी ओढली की कवळी नळीबरोबर हलायची. मग एका प्रयोगशाळेकडून एक काम आलं. भांड्याच्या आत भांडं, त्याच्याही आत वेटोळी नळी. वडिलांनी असली दोन बनवली होती, धाकट्याला अजून एकही जमलं नव्हतं. सहा दिवस मालकीण त्याच्यावर खपली. शेवटच्या जोडाच्या वेळी तोटी दातांतून सटकली, श्वास तुटला आणि मऊ काच आत बसली. लेथ बंद केल्याचा आवाज मी ऐकला.

"ताई," धाकटा म्हणाला. त्याच्याही केसांत आता पांढरं आलं होतं म्हणे. "आता बस कर. तू तपासणीला बस, बांधाबांध बघ. तीही कामंच आहेत."

"दोन दाढा गेल्या म्हणून हात गेले का माझे?"

"हात कोण म्हणतंय? पकड गेली ना."

मालकिणीचे जबडे इतके घट्ट आवळले गेले की माझ्या भिंती करकरल्या. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं, की ही बाई काचेवाचून राहू शकणार नाही. आणि तिच्या वाटेत मी पसरून बसले होते.

दातांची डॉक्टरीण वयाने लहान होती, आवाज शांत. तिने चेहऱ्याचा असा एक फोटो काढला ज्यात सगळं सर्व बाजूंनी दिसतं, आणि तो पडद्यावर फिरवत ती बोलू लागली. मी कान टवकारले. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्याविषयी बोलत होतं.

"काकू, इम्प्लांट म्हणजे हाडात बसवायचा स्क्रू. त्यावर दात बसतो. त्याला दहा मिलिमीटर तरी हाड हवं. तुमच्याकडे तीन उरलंय. त्याच्यावर लगेच सायनस."

"म्हणजे तळ पातळ झालाय."

"हो."

"पातळ तळात दांडा बसवला तर तो आत पडेल."

डॉक्टरीण हसली. "बरोबर तेच होतं. म्हणून आधी तळ जाड करायचा. बाजूच्या भिंतीला एक छोटी खिडकी पाडायची, आतलं अस्तर अलगद सोडवून वर उचलायचं, आणि अस्तर आणि तळ यांच्यामध्ये हाडाचे कण भरायचे. सायनसच्या आत नाही, अस्तराच्या खाली. आठ-नऊ महिन्यांत त्याचं हाड होतं."

"अस्तर किती जाड असतं?"

"अर्धा मिलिमीटर. काही ठिकाणी त्याहून कमी."

मालकिणीने लांब शीळ घातली. तेवढी पातळ काच फुंकायला काय लागतं ते तिला ठाऊक होतं.

"आणि हे बघा, ही मधली भिंत," डॉक्टरीण म्हणाली. मी शहारले. "ही सगळ्यांना नसते. हिच्या कडेवर अस्तर ताणलेलं असतं, उचलताना तिथेच फाटतं. म्हणून मी एक खिडकी पाडणार नाही, दोन पाडणार. भिंतीच्या अलीकडे एक, पलीकडे एक. इथून एक रक्तवाहिनीही जाते, ती वर राहील अशा बेताने. नशीब, छताजवळचं दार मोकळं आहे. ते बंद असतं तर मी हातच लावला नसता."

ज्या भिंतीचा मला तोरा होता तीच आता अडचण ठरली होती. दाराचं मात्र कौतुक झालं. मी कशावर रुसावं तेच मला कळेना.

आणि मग तो दिवस आला. गाल बधिर केला होता. मालकीण जागी होती. भिंतीवर बारीक गरगर सुरू झाली, हाड खवलं जाऊ लागलं, पाण्याची धार लागली. भिंत पातळ होत गेली. आणि मित्रांनो, चोपन्न वर्षांच्या अंधारात उजेड आला.

अस्तरातून गाळून आलेला उजेड. गुलाबी, मऊ, कडेला निळसर. त्यात मी स्वतःला पाहिलं. माझं छत, त्याच्या वर डोळ्याचा गोल उंचवटा. भिंतींवर बारीक लाल रेषा, पानाच्या शिरांसारख्या. वर एका कोपऱ्यात माझं दार, मुगाच्या दाण्याएवढं. आणि भिंतींवर ओलीची ती चमक, सावकाश वर वर सरकणारी, माझ्या झाडूंचं कधीच न थांबलेलं काम. मी इतकी सुंदर आहे हे मला माहीतच नव्हतं.

बाहेरून डॉक्टरीणही बघत होती. तिचा हात थांबला होता.

"काय झालं?" मालकिणीने अर्धवट तोंडाने विचारलं.

"काही नाही. अस्तर दिसतंय. तुम्ही श्वास घेताय ना, त्याच्याबरोबर ते हलतंय. आत जातंय, बाहेर येतंय." ती म्हणाली, "शंभरेक वेळा बघितलंय मी हे. दर वेळी हात थांबतो."

मालकिणीने श्वास मोठा घेतला. अस्तर हललं. मला वाटतं, तो तिने मुद्दाम घेतला.

मग वाकड्या, बोथट हत्याराने डॉक्टरीण अस्तर हाडापासून सोडवू लागली. पुढच्या खणात ते कुठेही न ताणता तंबूसारखं वर आलं. मागच्या खणात, भिंतीच्या कडेपाशी, बारीकसा चर्र झाला. तांदळाच्या दाण्याएवढी फट. डॉक्टरिणीने एक पातळ झिल्ली कापून त्या फटीवर अंथरली, कडा दाबल्या, वाट पाहिली. मग कण भरले, अर्धे बाटलीतले तयार, अर्धे मालकिणीच्याच जबड्यातून खरवडलेले. खिडक्या झाकल्या, टाके घातले. पुन्हा अंधार झाला. माझी जमीन कितीतरी वर आली होती. मी लहान झाले होते.

"एका जागी अस्तराला ठिगळ लावलंय," डॉक्टरीण म्हणाली. "भरून येईल. पण नाक शिंकरायचं नाही. शिंक आली तर तोंड उघडून द्यायची. स्ट्रॉने प्यायचं नाही. आणि काच तर अजिबात नाही, मी सांगेपर्यंत."

मालकिणीने यातलं अक्षरन् अक्षर पाळलं. कारखान्याच्या दारातही ती फिरकली नाही. शिंक आली की आ वासून अशी द्यायची की धाकटा दचकायचा. दहा दिवस असे गेले.

अकराव्या दिवशी सकाळी ती बेसिनपाशी उभी होती. सूज उतरली होती, दुखत नव्हतं. आणि तिच्या मनात ठिगळ होतं. चाळीस वर्षं कारागिरी केलेल्या बाईच्या मनात जोडाबद्दल एकच प्रश्न येतो, की तो गळतो का. तिने काळजीनेच केलं ते. निष्काळजी बाईच्या डोक्यात हे आलंही नसतं. तिने दोन बोटांनी नाक बंद केलं, ओठ मिटले आणि अगदी हलका श्वास दिला. पातळ बल्बला द्यावा तेवढाच.

काचेच्या भांड्यात तो श्वास काहीच नाही. पण तो छताजवळच्या दारातून माझ्यात शिरला आणि खाली दाबला गेला. कच्च्या ठिगळाची कड उचलली. हवा कणांमध्ये घुसली. मागच्या खणातले कण सुटून माझ्या अंगावर घरंगळले, आणि खिडकीवाटे निसटलेल्या हवेने गालाच्या कातडीखाली बारीक करकर झाली. मला ओरडता आलं असतं तर मी ओरडले असते.

मालकिणीने गालाला बोट लावलं. नाकाला रुमाल लावून तिने त्यात हळूच पाहिलं. रक्ताचा थेंब आणि त्यात एक पांढरा कण. ती खाली बसली.

"ताई, काय झालं?" धाकटा धावत आला.

"मी तपासून बघितलं."

त्याला कळायला एक क्षण लागला. मग तो तिच्याजवळ जमिनीवर बसला. रागावला नाही. "बाबा काय सांगायचे आपल्याला? आपलं आपण तपासायचं नाही," एवढंच म्हणाला.

डॉक्टरिणीपुढे मालकीण शाळेतल्या पोरीसारखी मान खाली घालून बोलली. काही लपवलं नाही. डॉक्टरिणीने ऐकून घेतलं.

"काकू, तपासायचं काम माझं होतं."

"हो."

"मला विचारायचं होतंत."

"आमच्याकडे उलटा नियम आहे," मालकीण म्हणाली. "ज्याने घडवलं त्याने तपासायचं नाही. आणि हे मी घडवलेलं नव्हतं ना. मला वाटलं, तपासायचा मान माझा."

डॉक्टरिणीने औषधं दिली आणि पुन्हा फोटो काढला. पडद्यावर तो फिरत राहिला. मालकीण खुर्चीचा हात धरून बसली होती, तिची नाडी माझ्या भिंतीत ठोके देत होती. इतका वेळ कुणी गप्प बसलं की वाईटच ऐकावं लागतं, अशी माझी समजूत होती.

"मागच्या खणातलं बरंच गेलं," डॉक्टरीण अखेर म्हणाली. "तिथे इम्प्लांट बसणार नाही." मग ती पडद्याजवळ वाकली असावी, कारण आवाज बदलला. "पण पुढचं बघा. एक कणही हललेला नाही. ती मधली भिंत आहे ना, तिने अडवलं. पलीकडचं अलीकडे येऊच दिलं नाही."

मालकिणीचा जीव भांड्यात पडला. आणि माझा? मित्रांनो, ज्या भिंतीपायी अस्तर फाटलं तिनेच पुढचा खण राखला होता. मी तिची आधी शेखी मिरवली, मग तिची लाज बाळगली. दोन्ही वेळा मला काहीच कळलेलं नव्हतं. तेव्हापासून मी माझ्या अंगातल्या कुठल्याही गोष्टीबद्दल घाईने मत बनवत नाही.

"मागचं पुन्हा करता येईल," डॉक्टरीण म्हणाली. "सगळं बरं झाल्यावर."

"नको," मालकीण म्हणाली. "एक पुरे. नळी एकच आहे."

मग वाट पाहणं. मालकीण दवाखान्यात बोलावलं की जायची, नाहीतर धाकट्याच्या पाठीमागे स्टूल टाकून बसायची. फुंकायचं तो, ऐकायचं तिने. "आता थांब," ती म्हणायची. "आता दे. कंजूषपणा करू नकोस." धाकट्याचा हात त्या काळात कितीतरी सुधारला. आणि इकडे माझ्या जमिनीखाली जे चाललं होतं ते मी कोणत्या शब्दांत सांगू? त्या सुट्या, मुक्या कणांमध्ये बारीक रक्तवाहिन्या शिरल्या. एकेका कणाला कवटाळून नवं हाड बसू लागलं. आवाज नाही, घाई नाही. लहानपणी मला वाढवणारं जे कुणी होतं ते परत कामावर आलं होतं, या वेळी मला आवरायला. चोपन्न वर्षांच्या बाईच्या अंगात ते अजून जागं होतं.

नऊ महिन्यांनी पुढच्या खणाखाली स्क्रू बसला. आणखी चार महिन्यांनी डॉक्टरिणीने त्यावर हत्याराच्या दांड्याने हलकेच टिचकी मारली.

टिण्ण.

भरीव, उंच, स्वच्छ आवाज. हाडाने धरलं नसेल तर तो दबका येतो, हे डॉक्टरिणीला ठाऊक होतं. मालकिणीला कुणी सांगायची गरज नव्हती. टिचकी मारून तडा ओळखण्यात तिचा जन्म गेला होता.

"ऐकलंत?" डॉक्टरिणीने विचारलं.

मालकिणीच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यातलं थोडं नाकातून उतरताना माझ्या दाराजवळून गेलं.

दात बसल्यानंतर काही आठवड्यांनी लेथ पुन्हा सुरू झाला. तोटी डावीकडे, नव्या दाढेखाली मऊ रबर लावून, डॉक्टरिणीने बजावल्याप्रमाणे. भांड्याच्या आत भांडं, त्याच्या आत वेटोळी नळी. सात दिवस लागले. भट्टीतून निघाल्यावर मालकिणीने ते धाकट्याच्या हातात दिलं आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. पाण्याचा आवाज आला. मग नळीतून हवा दिल्याचा.

"ताई," धाकटा म्हणाला. "बुडबुडा नाही."

मित्रांनो, माझी गोष्ट एवढीच. आता एक करा. ओठ मिटा, एक लांब 'म्' म्हणा आणि बोटं नाकाच्या बाजूला गालावर टेकवा. जिथे थरथर लागते तिथेच आत, हाडाआड तुमचीही एक खोली आहे. तुम्ही हे वाचत असताना ती झाडून निघते आहे, खालून वर, विनातक्रार. तिच्या खालचे शेजारी जपा. दाढ ठणकली तर सर्दी म्हणून सोडून देऊ नका. आणि कुणी तुम्हाला घडवून, सांधून, बरं करत असेल तर मध्येच आपला श्वास लावून तपासू नका. त्यांना विचारा.

मी आता पूर्वीपेक्षा लहान आहे. फुशारकी मारायला माझ्याजवळ काही उरलेलं नाही. पण आज दुपारी मालकीण जेवायला बसली तेव्हा माझी जमीन हलली. सोळा वर्षांनी खालच्या मजल्यावर पुन्हा कुणीतरी राहायला आलं आहे.